तरुण शस्त्रवैद्य आणि संशोधनाचा गुरू

मालवणच्या किनाऱ्यापासून थोडे आत कट्टा हे गाव आहे. त्या मुलुखात माडावर चढणारे, चिरेखाणीत राबणारे आणि किनाऱ्यावर रापण ओढणारे कष्टकरी पुष्कळ. अशा माणसास जांघेत अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला तर शस्त्रक्रियेपूर्वी तो दोनच प्रश्न विचारतो: पुन्हा ओझे कधी उचलता येईल, आणि दुखणे उलटेल काय? पहिल्याचे उत्तर तरुण शस्त्रवैद्य ग्रंथ पाहून देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर ग्रंथात असले तरी ते इतरांच्या हातचे असते. टाके काढून घरी गेलेला रुग्ण परत आला नाही, तर तो बरा झाला की दुसऱ्या वैद्याकडे गेला, हे शोध घेतल्यावाचून कसे कळावे?

हात कसा चालवावा हे वडीलधाऱ्या शस्त्रवैद्याजवळ उभे राहून शिकता येते. आपल्या हाताचे फळ कसे तपासावे, हे शिकविणारा गुरू मात्र निराळा असावा लागतो. तो शिष्याचा विस्तीर्ण प्रश्न मोजता येईल इतका लहान करून देतो. काय व किती काळ मोजावयाचे हे आधीच ठरवावयास लावतो. आणि फसलेली शस्त्रक्रियाही वहीत लिहिली गेली की नाही, हे पाहतो. असा गुरू न लाभल्यास तीच चूक वर्षानुवर्षे अनुभव ह्या नावाने मिरवते, व तिचे मोल रुग्ण भरतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयशस्त्रक्रियेचे अग्रणी डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी असाच एक प्रश्न हाती घेतला होता. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूस बरेचसे रक्त आतल्या पोकळीतूनच मिळते. मग माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यास त्याच्या भिंतीस बारीक छिद्रे पाडून तीच सोय करता येईल काय? कुत्र्यांवर प्रयोग झाले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधावर सेन ह्यांच्याबरोबर उदवाडिया व परुळकर ह्या तरुण सहकाऱ्यांचीही नावे होती. ती युक्ती त्या रूपात रूढ झाली नाही. परंतु त्याच डॉ. तेहेम्तन उदवाडिया ह्यांनी १९९० साली पोटावर मोठी चीर न देता, दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. शिष्याच्या हाती राहते ती गुरूची युक्ती नव्हे. राहते ती प्रश्न कसोटीस लावण्याची रीत.

ही रीत केवळ मोठ्या शहरांची मिरास आहे असेही नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर ह्यांनी अंतर्गळाच्याच शस्त्रक्रियेत महाग जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक केलेले कापड वापरले. एकट्याचा अनुभव पुरेसा न मानता त्यांनी इतर शस्त्रवैद्यांच्या नोंदीही जोडून घेतल्या, व २००३ साली त्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. पुढे युगांडात ३०२ पुरुषांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने, दोन गट करून स्वस्त व महाग जाळ्यांची तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा अंतर्गळ उलटला, महाग जाळीच्या गटात कोणाचाही नाही. हा फरक नगण्य ठरला. अर्थात मच्छरदाणीचा कोणताही तुकडा चालतो असे नव्हे. कापडाचा प्रकार आणि ते निर्जंतुक करण्याची पद्धत पारखूनच घ्यावी लागते.

शिष्याच्या श्रमांवर केवळ आपले नाव चढविणारा गुरू, गुरू नव्हे. खऱ्या मार्गदर्शकाने त्याच इमारतीत असावयास पाहिजे असेही नाही. कट्ट्यासारख्या गावी बसलेल्या तरुणाने नेमाने वही लिहावी, रुग्णाची वर्षाने पुन्हा चौकशी करावी, आणि दूरच्या अनुभवी शस्त्रवैद्याने महिन्यातून एकदा ती वही निर्भीडपणे तपासावी, एवढे घडले तरी पुष्कळ. मग रापण ओढणाऱ्याच्या दुसऱ्या प्रश्नास त्या तरुणाजवळ स्वतःच्या हातचे, मोजून पाहिलेले उत्तर असेल.