रॅकेट आणि पदवी

खेळात प्रावीण्य मिळवलेल्या मुलीपुढे बारावीच्या सुमारास एक अवघड प्रश्न उभा राहतो. शिक्षण चालू ठेवावे तर सरावाला वेळ कोठून आणावा, आणि खेळालाच वाहून घ्यावे तर पुढील आयुष्याची तजवीज कशी करावी? टेनिसच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. व्यावसायिक टेनिसमध्ये प्रवास, निवास आणि प्रशिक्षक यांचा खर्च बहुधा खेळाडूलाच करावा लागतो. क्रमवारीच्या खालच्या पायऱ्यांवर मिळणाऱ्या बक्षिसांतून तो क्वचितच भरून निघतो. अशा स्थितीत शिक्षण आणि खेळ यांना एकत्र स्थान देणारी अमेरिकेतील महाविद्यालयीन टेनिसची व्यवस्था जगभरातील मुलींना आकर्षित करते. या व्यवस्थेत प्रवेश मिळवणे कठीण आहेच. परंतु योग्य महाविद्यालय निवडणे हे त्याहूनही अधिक विचारपूर्वक करण्याचे काम आहे.

संधी कशी निर्माण झाली?

आज मुलींना सहज उपलब्ध वाटणारी ही संधी नेहमीच अस्तित्वात नव्हती. बिली जीन किंग हिने १९६१ मध्ये, म्हणजे विद्यार्थिदशेतच, विम्बल्डनचे महिला दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले. तरीही लॉस एंजलिस येथील महाविद्यालयात शिकताना तिला खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्या काळात अशी शिष्यवृत्ती प्रामुख्याने पुरुष खेळाडूंनाच दिली जात असे.

हे चित्र १९७२ मध्ये झालेल्या एका कायद्यामुळे पालटू लागले. ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने, शासकीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष असा भेदभाव करण्यास मनाई केली. कायद्याच्या मूळ वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही; तथापि त्याचा सर्वांत दृश्य परिणाम क्रीडांगणावरच झाला. महाविद्यालयांना मुलींचे संघ उभारावे लागले, त्यांच्यासाठी प्रशिक्षक नेमावे लागले आणि शिष्यवृत्त्याही द्याव्या लागल्या. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशनने, म्हणजेच ‘एन.सी.ए.ए.’ने, १९८२ मध्ये महिला टेनिसची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. तिचे सांघिक विजेतेपद स्टॅनफर्ड विद्यापीठाने पटकावले.

तीन विभाग, तीन वाटा

एन.सी.ए.ए.च्या सदस्य संस्था तीन विभागांत वाटलेल्या आहेत. पहिल्या विभागात बहुतांश मोठी विद्यापीठे येतात. तेथे स्पर्धा तीव्र असते आणि खेळावर खर्चही अधिक होतो. दुसऱ्या विभागातील संस्था खेळासाठी आर्थिक साहाय्य देतात, परंतु ते अनेकदा अंशतः असते. तिसऱ्या विभागात केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. तेथे गुणवत्तेनुसार किंवा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीनुसार साहाय्य मिळू शकते. याशिवाय ‘एन.ए.आय.ए.’ या निराळ्या संघटनेची महाविद्यालये आणि दोन वर्षांचे शिक्षण देणारी कनिष्ठ महाविद्यालये हेही पर्याय आहेत.

विभागाचा क्रमांक म्हणजे शिक्षणाचा दर्जा, असा समज करून घेणे चुकीचे ठरते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही जगप्रसिद्ध संस्था टेनिसमध्ये तिसऱ्या विभागात खेळते. हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारखी आयव्ही लीगमधील विद्यापीठे पहिल्या विभागात असूनही खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. म्हणून विभागाचे नाव पाहून हुरळून जाण्यापेक्षा तेथे प्रत्यक्ष काय मिळणार आहे, याची चौकशी करणे श्रेयस्कर असते.

शिष्यवृत्तीचा खरा अर्थ

पूर्ण शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांचा समावेश होतो. पूर्वी पहिल्या विभागात महिला टेनिसच्या प्रत्येक संघाला जास्तीत जास्त आठ शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या पूर्ण स्वरूपाच्या असत. पुरुषांच्या संघासाठी ही मर्यादा केवळ साडेचार होती. अमेरिकन फुटबॉलच्या एकेका संघाला ८५ शिष्यवृत्त्या दिल्या जात आणि मुलींसाठी तेवढा मोठा कोणताच खेळ नव्हता. त्यामुळे समतोल राखण्यासाठी मुलींच्या इतर खेळांना अधिक वाटा मिळाला.

२०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका तडजोडीनंतर ही पद्धत बदलली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत आता शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आहे. महिला टेनिससाठी ती दहा खेळाडूंची आहे. या दहाही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. मात्र ती दिलीच पाहिजे असे बंधन नाही, आणि रक्कम विभागूनही देता येते. म्हणूनच ‘शिष्यवृत्ती मिळेल’ एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नये. एकूण खर्चापैकी किती भाग मिळणार, साहाय्य किती वर्षांसाठी आहे, दुखापत झाल्यास ते चालू राहील का, या प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात घेणे आवश्यक ठरते.

येथे एक साधा हिशेब उपयोगी पडेल. एखाद्या विद्यापीठाचा वार्षिक खर्च पन्नास हजार डॉलर आहे आणि तेथे चाळीस टक्के साहाय्य मिळणार आहे, असे समजू. मग कुटुंबाला दरवर्षी तीस हजार, म्हणजे चार वर्षांत एक लाख वीस हजार डॉलर उभे करावे लागतील. यात विमानप्रवास आणि किरकोळ खर्च धरलेला नाही. जाहिरातींतून किंवा विद्यापीठाकडून मिळणाऱ्या मोबदल्याच्या भरवशावर हा हिशेब मांडणेही धोक्याचे असते. कारण परदेशी विद्यार्थिनींना व्हिसाच्या अटी पाळाव्या लागतात आणि त्या अटी अर्थार्जनावर कडक मर्यादा घालतात.

संघातील स्थान

महाविद्यालयीन टेनिस हा सांघिक खेळ आहे. पहिल्या विभागात दोन संघांच्या लढतीत दुहेरीचे तीन आणि एकेरीचे सहा सामने होतात. दुहेरीतील किमान दोन सामने जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. एकेरीच्या प्रत्येक विजयाला एक गुण असतो. अशा सात गुणांपैकी चार गुण आधी मिळवणारा संघ विजयी होतो.

या रचनेतूनच निवडीचा एक महत्त्वाचा निकष पुढे येतो. संघात दहा खेळाडू असल्या तरी एकेरीत सहाच जणी उतरतात. नामांकित संघात नववे किंवा दहावे स्थान मिळाले, तर उत्तम सराव घडतो. परंतु सामन्यांचा अनुभव कमी मिळतो. उलट, तुलनेने साध्या संघात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर खेळणारी मुलगी दर आठवड्याला स्पर्धेच्या कसोटीला उतरते. संघातील सध्याच्या खेळाडूंचे ‘युनिव्हर्सल टेनिस रेटिंग’ पाहून आपले स्थान कोठे असेल, याचा अंदाज बांधता येतो. प्रशिक्षकही नव्या खेळाडूंची पारख करताना हेच मानांकन, कुमार गटातील आंतरराष्ट्रीय क्रमवारी आणि सामन्यांच्या चित्रफिती पाहतात. त्याचबरोबर संघातील किती जणी पुढील वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणार आहेत, हेही विचारात घ्यावे. रिकाम्या होणाऱ्या जागांवरच नव्या खेळाडूची संधी अवलंबून असते.

अभ्यासाचे वेळापत्रक

एन.सी.ए.ए.च्या नियमानुसार हंगामात खेळासाठी आठवड्याला अधिकाधिक वीस तास घेता येतात आणि एक दिवस मोकळा ठेवावा लागतो. परंतु प्रवासाचा वेळ या वीस तासांत मोजला जात नाही. परगावच्या सामन्यांसाठी बसमध्ये किंवा विमानतळावर गेलेले तास विद्यार्थिनीच्या अभ्यासातूनच वजा होतात.

दुसरीकडे, शिक्षणातील प्रगतीचीही सक्ती आहे. पहिल्या विभागात तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभी पदवीचा चाळीस टक्के, चौथ्या वर्षाच्या प्रारंभी साठ टक्के अभ्यासक्रम पूर्ण झालेला असावा लागतो. तसे न झाल्यास खेळण्याची पात्रता धोक्यात येते. ज्या विषयांत प्रयोगशाळेची सत्रे दुपारी असतात, त्यांचा सरावाच्या वेळेशी वारंवार संघर्ष होतो. अभियांत्रिकी, परिचर्या किंवा जीवशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या मुलीने त्या विद्यापीठाच्या टेनिस संघात हे विषय घेतलेल्या खेळाडू आहेत का, हे अवश्य विचारावे. तशी एकही खेळाडू नसेल, तर त्याचे कारण जाणून घ्यावे.

पात्रता आणि पूर्वतयारी

पहिल्या किंवा दुसऱ्या विभागात खेळण्यासाठी एन.सी.ए.ए.च्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करावी लागते. शालेय शिक्षणातील इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र अशा मूलभूत विषयांचे सोळा वार्षिक अभ्यासक्रम आणि ठरावीक सरासरी गुण, अशी मुख्य अट आहे. ‘सॅट’ आणि ‘ए.सी.टी.’ या परीक्षांच्या गुणांची अट एन.सी.ए.ए.ने २०२३ मध्ये रद्द केली. तथापि काही विद्यापीठे आपल्या प्रवेशासाठी ते गुण मागतात. परदेशी विद्यार्थिनींना बहुधा इंग्रजी भाषेची परीक्षाही द्यावी लागते.

सरावासाठी वेळ मिळावा म्हणून अनेक खेळाडू मुक्त विद्यालयातून शिक्षण घेतात. त्यांनी आपण निवडलेले विषय मूलभूत विषयांत गणले जातील की नाही, याची चौकशी परीक्षेला बसण्यापूर्वीच करणे हिताचे आहे. शाळा संपल्यानंतर दीर्घकाळ केवळ स्पर्धा खेळत राहिल्यास महाविद्यालयीन खेळाची वर्षे कमी होऊ शकतात. बक्षिसाची रक्कम स्वीकारण्याबाबतही नियम आहेत आणि ते वेळोवेळी बदलतात. त्यामुळे ऐकीव माहितीपेक्षा पात्रता केंद्राचे त्या वर्षीचे नियम प्रमाण मानावेत.

प्रशिक्षक, वातावरण आणि माणसे

चार वर्षे ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली काढायची, त्याच्या स्वभावाचा परिचय आधीच व्हावा हे उत्तम. मात्र प्रशिक्षक नोकरी बदलू शकतो आणि संघही बंद पडू शकतो. २०२५ नंतर काही विद्यापीठांनी आपले टेनिस संघ खरोखरच बंद केले आहेत. म्हणून केवळ एका व्यक्तीवर भिस्त ठेवून निर्णय घेऊ नये. संघातील सध्याच्या आणि माजी खेळाडूंशी प्रशिक्षकाच्या अनुपस्थितीत बोलल्यास अधिक मोकळी माहिती मिळते. आजारी पडल्यास काय होते, सामना हरल्यानंतर प्रशिक्षक कसे वागतात, सुटीत वसतिगृह बंद झाल्यावर परदेशी मुली कोठे राहतात, हे प्रश्न लहान वाटले तरी घरापासून हजारो मैल दूर राहणाऱ्या मुलीसाठी ते मोठे असतात. हवामानाचाही विचार करावा. फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियात वर्षातील बहुतेक काळ उघड्या मैदानावर खेळता येते. मिनेसोटासारख्या उत्तरेकडील राज्यात हिवाळ्याचे अनेक महिने बंदिस्त मैदानावरच सराव करावा लागतो.

निवड आणि तिचे फळ

विचारपूर्वक केलेली निवडही कधी जुळत नाही. डॅनिएल कॉलिन्स ही अमेरिकन खेळाडू प्रथम फ्लोरिडा विद्यापीठात दाखल झाली होती. पहिल्या वर्षानंतर ती व्हर्जिनिया विद्यापीठात गेली आणि तेथून खेळताना २०१४ व २०१६ मध्ये एन.सी.ए.ए.ची एकेरीची विजेती ठरली. पदवी घेऊन व्यावसायिक टेनिसकडे वळलेली हीच खेळाडू २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत तिने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. महाविद्यालयात गेल्याने खेळ संपतो, ही समजूत अशा उदाहरणांनी खोटी ठरवली आहे.

तरीही महाविद्यालयीन संघांतून खेळणाऱ्या बहुसंख्य मुली पुढे व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. त्या शिक्षिका, अभियंता, संशोधक, व्यवस्थापक किंवा प्रशिक्षक होतात. त्यांच्यासोबत आयुष्यभर राहते ती पदवी आणि त्या चार वर्षांत लागलेली शिस्त. म्हणून सर्व प्रस्ताव समोर मांडल्यावर शेवटी एक प्रश्न विचारणे योग्य ठरते : उद्या दुखापतीमुळे रॅकेट बाजूला ठेवावी लागली, तरी याच महाविद्यालयात शिकत राहावेसे वाटेल का? उत्तर ‘होय’ असेल, तर कमी नावाजलेला संघही योग्य ठरतो. उत्तर ‘नाही’ असेल, तर मोठ्या संघाचा गणवेशही ती उणीव भरून काढू शकत नाही. भारतातील एखाद्या विद्यापीठात खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्या मुलीलाही हाच प्रश्न तितकाच लागू पडतो.