सिलिकॉनची दुसरी ताकद
सिलिकॉन म्हटलं की हिशेब करणारी चिप आठवते. पण त्याचा यांत्रिक कणखरपणा तितकाच मोलाचा आहे. अभियंते कर्ट पीटरसन यांनी 1982 मध्ये हेच ठामपणे मांडलं, आणि मेम्स, म्हणजे चिपवर सूक्ष्म हलते भाग घडवण्याचं तंत्रज्ञान, त्यावरच उभं आहे. मोटारीच्या एअरबॅगचा सेन्सर पाहा. चिपवर सिलिकॉनचीच इवलीशी पट्टी बारीक स्प्रिंगांवर तोललेली असते. तिचे कंगव्यासारखे दाते स्थिर दात्यांच्या मध्ये बसतात. धडक बसली की पट्टी किंचित सरकते, दात्यांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युत धारिता बदलते, आणि सर्किट तो फरक मोजतं. उलट दिशेनेही हे चालतं: विजेच्या दाबाने प्रोजेक्टरमधले लाखो सूक्ष्म आरसे कलतात.

इतकी नाजूक वस्तू टिकेल कशी, ही शंका रास्तच आहे. पण वजन नगण्य असल्याने हादऱ्याचा जोरही तिच्यावर कमीच पडतो, शिवाय सिलिकॉन धातूसारखं सहजी थकत नाही. खरा धोका वेगळाच असतो: भाग एकमेकांना चिकटणं, किंवा सीलबंद पोकळीत वायू शिरणं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयात एमआरआय यंत्रातून हेलियम गळला आणि अनेक आयफोन बंद पडले, कारण त्यांना वेळेचा ठोका देणाऱ्या सूक्ष्म कंपकात तो घुसला होता. इथे सिलिकॉन तुटलं नव्हतं, आवरण अपुरं पडलं होतं. वायू निघून गेल्यावर बहुतेक फोन पुन्हा सुरू झाले.