मुंग्यांच्या अलीकडचं आणि पलीकडचं

काशीराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुताला आणि इतर शिष्यांना शल्यतंत्र शिकवलं, अशी परंपरा. त्यामुळे आतड्याच्या शस्त्रक्रियेचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात वाराणसीपासून होते, आणि मग मुंग्या आल्याच. भोक पडलेल्या आतड्याच्या कडा जुळवायच्या, त्यांवर काळ्या मुंग्यांना डसवायचं, डसल्या की धडं तोडायची आणि डोकी तशीच ठेवायची. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला, चौदाव्या अध्यायातला हा भाग व्याख्यानांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास भेटतो.

मला त्याच्या मागचापुढचा मजकूर जास्त मोलाचा वाटतो. मुंग्या लावण्याआधी सुश्रुत म्हणतो: रुतलेलं शल्य काढा, आतड्यातून गळलेला स्राव साफ करा. नंतर पोट शिवून ज्येष्ठमध मिसळलेल्या काळ्या मातीचा लेप, वर पट्टी, वारा न लागणारी खोली आणि फक्त दुधावर राहणं. जखमी माणसासाठीचे नियम वेगळ्या एका अध्यायात आहेत: नखं-केस कापलेले, कपडे पांढरे, मोहरी, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, सलग दहा दिवस. मातीचा लेप आज कुणी लावू देणार नाही आणि देऊही नये, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. पण गळती आणि जखम चिघळणं ही दोन संकटं त्याने अचूक हेरली होती. किती रोगी वाचले, किती दगावले, हे मात्र संहितेत सापडत नाही. विधी आहे, हिशेब नाही.

हिशेब यायला फार काळ गेला. आतड्याची बाहेरची गुळगुळीत बाजू बाहेरच्याच बाजूला टेकेल असा टाका घातला तर ती लवकर चिकटते, हे फ्रान्सच्या लांबेरने १८२६ मध्ये मांडलं. जखमेतला संसर्ग रोखणारं लिस्टरचं कार्बोलिक आम्ल १८६७ चं. टाक्याची खरी पकड आतल्या अस्तराखालच्या चिवट थरात बसते, हे शल्यचिकित्सक हाल्स्टेडने १८८७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्यानंतरही एका थरात शिवावं की दोन, हा वाद शंभर वर्षं चालला.

वाराणसीत त्या वादाला टायफॉइडची पार्श्वभूमी होती. ताप अंगावर काढला की साधारण तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला भोक पडू शकतं. रोगी उशिरा पोचला तर पोटात पू आणि मळ पसरलेला, आतडं सुजून इतकं ठिसूळ झालेलं की टाका ओढला की कापत जातो. अशा भोकांना एकाच थरात शिवण्याविषयी बनारस हिंदू विद्यापीठातल्या शल्यचिकित्सकांचा लेख २००४ मध्ये आला. जिथे टाक्यांवर भरवसा नसतो तिथे आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ‘पोटाला पिशवी’ लावतात. नातेवाईक त्या पिशवीला घाबरतात, पण सुजलेल्या आतड्यावर हट्टाने जोड देण्यापेक्षा ती पिशवी पुष्कळदा जीव वाचवते.

याच विद्यापीठात १९६० च्या दशकापासून डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भगंदरासाठी क्षारसूत्र पुन्हा वापरात आणलं. भगंदर म्हणजे गुदद्वाराजवळ मुरलेला, सतत झरणारा संसर्गाचा मार्ग. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे ११ लेप; मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे ७; शेवटी चीक आणि हळद यांचे ३. प्रत्येक लेप वाळल्यावर पुढचा. हा दोरा त्या मार्गात ओवून बांधायचा आणि दर आठवड्याला बदलायचा. आघाडा आपल्याला पत्रीतला ठाऊक, तो इथे कापायचं काम करतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये आकडे छापले. जखम भरायला क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे, शस्त्रक्रियेने ४; पण दुखणं उलटण्याचं प्रमाण ४ टक्के विरुद्ध ११ टक्के. पोथीतल्या एका उपायाला मिळालेला हा हिशेब मला मुंग्यांच्या गोष्टीपेक्षा मोठा वाटतो.

संसर्गाच्या बाबतीत हिशेबाने काही आवडत्या सवयी मोडल्या. प्रतिजैविक जंतू शिरण्याआधी रक्तात असेल तरच नीट काम करतं, हे शल्यचिकित्सक बर्कने १९६१ मध्ये प्राण्यांवर दाखवलं. म्हणजे इंजेक्शन चिरा देण्यापूर्वी हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांत तेच आहे. मोठ्या आतड्याच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी पोट साफ करण्याच्या औषधाला तोंडावाटे प्रतिजैविकाची जोड द्यावी, असंही आहे. आणि शस्त्रक्रियेनंतर निव्वळ खबरदारी म्हणून प्रतिजैविक दिवसेंदिवस चालू ठेवू नये, असंही. ही शेवटची सूचना आपल्याकडे पचायला सगळ्यात जड. सलाइनच्या बाटलीला औषध टोचलेलं दिसलं की घरच्यांना बरं वाटतं.

एवढं करूनही आतड्याच्या जोडातून गळती होऊ शकते, आणि ती बहुधा पहिल्या आठवड्यात डोकं वर काढते. नाडी धावते, पोट फुगतं, ताप येतो, कधी नुसतं ‘बरं वाटत नाही’. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, खाली यायचं सोडून चढाच राहिला, तर डॉक्टर सीटी स्कॅनकडे वळतात.

पोटाच्या जखमेच्या संसर्गाचाही हिशेब झाला. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत भारतासह ७ देशांतली ८१ रुग्णालयं आणि १३,३०१ रोगी होते. बदल एकच: पोट शिवायला घेण्याआधी सगळ्या चमूने हातमोजे बदलायचे आणि स्वच्छ हत्यारं घ्यायची. जखमेचा संसर्ग नेहमीच्या पद्धतीत १८.९ टक्के, तर या बदलानंतर १६ टक्के आढळला.