स्वस्त हत्यारे: कुठे वाचवावे, कुठे नाही

पुणे जिल्ह्यातला राहू गावाचा परिसर उसाचा आणि गुऱ्हाळांचा. मोटर, पाइपलाइन, ट्रॅक्टर यांच्यासाठी हत्यारांची पेटी इथे घरोघरी लागते.

टेप, क्लँप, हातोडी स्वस्तातली चालते. पाना मात्र पारखून घ्यावा. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरे कुणीही छापू शकतो. खरी परीक्षा जबड्याची. खिशात १३ मिमीचा नट ठेवावा आणि दुकानातच पाना लावून पाहावा. ढिला बसला, तर तो नटाचे कोपरे गोल करणारच.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी वापरलेली हत्यारे मिळतात. गंज वरवरचा असेल, तर जुना घडीव पाना नव्या चकचकीत पान्याहून केव्हाही सरस. जबडा फाकलेला नसावा, एवढेच.

ग्राइंडरच्या चकतीत काटकसर नको. १०० मिमीचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीवर छापलेली वेगमर्यादा त्याहून जास्तच हवी. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीखही असते. ओल लागलेली किंवा मुदत संपलेली चकती फुटू शकते. गार्ड काढलेला ग्राइंडर तर फुकटही घेऊ नये.

स्वस्त ड्रिल मशीन अधूनमधून वापरायला पुरते. घेताना कार्बन ब्रश सुटे मिळतात का, ते आधी विचारावे.