पट्ट्यांचा दगड

मुलांनो, प्रवरेच्या वाळूतून वेचलेले खडे इथे पसरा. पट्टे दिसले म्हणून प्रत्येक खडा अकीक ठरत नाही, आधी पारख करायला हवी.

हा घे, ओला कर आणि उन्हाकडे धर. पातळ कडेतून मधाळ उजेड झिरपतोय ना? आता चाकूचं टोक ओढ, हात सांभाळून. ओरखडा पडला असता तर तो कॅल्साइटसारखा मऊ दगड. इथे उलट चाकूच्याच पोलादाची चंदेरी रेघ उमटली. कठीणतेच्या १० अंकी मापात अकीक ७च्या आसपास येतो.

याचा जन्म आपल्या काळ्या कातळाच्या पोटातला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या पाण्यानं विरघळलेली सिलिका तिथवर आणली. पोकळीच्या भिंतीवर एक पातळ थर बसला, त्यावर दुसरा, मग तिसरा. लोहाचा अंश मिसळला तिथे तांबूस रंग चढला. म्हणून हे पट्टे बाहेरून आत वाचायचे, कडेचा जुना आणि मधला नवा. मध्ये जागा उरलीच, तर तिथे गारेचे स्फटिक वाढतात. कातळ झिजून त्याची माती झाली, हा मात्र टिकून नदीत आला. याच प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना अश्मयुगीन माणसाची हत्यारं मिळाली. त्यांतही चर्ट आणि जास्परच्या जोडीला अकीक आहे.

आता झिलई. फिरत्या पिंपात दोन तृतीयांश खडे, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड घालायची. आठवडाभर, कधी त्याहून जास्त, पिंप रात्रंदिवस फिरतं. सुतार जसा आधी जाडा आणि मग बारीक पॉलिशपेपर लावतो, तशी पूड बारीक करत न्यायची आणि शेवटी चकाकीची भुकटी. प्रत्येक वेळी खडे आणि पिंप लख्ख धुवा, कारण भरड पुडीचा एक कण मागे राहिला तरी झिलईवर चरे पडतात. मऊ दगड यात मिसळू नका, अकीक त्यांना खाऊन टाकतो. आणि ज्या खड्याच्या फुटक्या तोंडावरच पट्टे सुरेख दिसतात, तो मी कधीच पिंपात टाकणार नाही.

उरलेला गाळ मोरीत ओतू नका. तो नळीत सिमेंटसारखा बसतो. जुन्या बादलीत वाळवा आणि कचऱ्यात टाका.