मजुरीचा भाव कोण ठरवतो?

गुढीपाडव्याला मराठवाड्यातील खेड्यांत सालगड्याचे साल ठरते. कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर या भागांतील आमच्या अनेक पालकांच्या घरांत हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. उचल घ्यायची आणि वर्षभर एकाच दारी राबून ती फेडायची. मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरते, असे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला दुसऱ्या दारी जाता येत नाही. आणि ज्याला जाता येत नाही, त्याच्या श्रमाचा बाजार मुळी भरतच नाही.

लातूरच्या मोंढ्यात सौद्याला खरेदीदार अनेक असले की तुरीचा भाव चढतो. एकच उरला की तो म्हणेल तो भाव. श्रमाचेही तसेच आहे. जोन रॉबिन्सन या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विदुषीने 1933 साली ग्रंथ लिहून हे सिद्ध केले. तिचा आणखी एक निष्कर्ष आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो: काम तेच असले, तरी ज्या गटाला काम सोडून जाणे अवघड, त्याला मालक कमी देऊ शकतो. त्यासाठी मालकाच्या मनात द्वेष असण्याचीही गरज नाही. नफा पुरेसा आहे.

आपल्या देशात कामाची दारे बंद करण्याचे काम जातीने केले. 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. (नांदेडहून मुंबईस जाताना आपली गाडी याच मनमाडवरून जाते, खिडकीतून पाहताना हे आठवणारे थोडे.) अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो, हे बाबासाहेबांनी तेथे मांडले. त्याला पोर्टर का करीत नाहीत? कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरीत, आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे! मुंबईच्या गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या नावाखाली ते खाते आमच्या लोकांना बंद. मग कमी पगाराच्या खात्यांत त्यांची गर्दी, आणि गर्दी झाली की भाव आणखी खाली. 1928 च्या संपात ही बंदी उठविण्याची मागणी बाबासाहेबांना कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने ठेवावी लागली.

आज आमच्या भागातून माणसे ऊसतोडीला जातात. तोडणीचा दर साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यातील कराराने राज्यभरासाठी ठरतो. जानेवारी 2024 मध्ये त्यात 34 टक्के वाढ ठरली, ती संघटनांच्या रेट्यामुळेच. परंतु कारखाना बदलून जास्त दर मिळत नाही, आणि मुकादमाची उचल असल्याने हंगामात कारखाना बदलताही येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. पैसा बहुधा नवऱ्याच्या नावे येतो. पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रीची मजुरी किती, हे कुठल्याच वहीत दिसत नाही. खाडा झाला, तर त्याचा भुर्दंड मात्र दोघांवर.

याउलट उदाहरणही आपल्याच राज्यातले आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. दर कामावर ठरे; स्त्री-पुरुष भेद त्यात नव्हता. गावात दुसरा मालक आला, तो म्हणजे सरकार. मग बागायतदार तक्रार करू लागले की मजूर महागले. ती तक्रार आम्हांस त्या योजनेला मिळालेले प्रशस्तिपत्रकच वाटते.

दिवाळीच्या सुमारास पालक कारखान्यावर निघतात आणि मुले आमच्या वसतिगृहात राहतात. मुलांना सोडायला याल तेव्हा उचलीची चिठ्ठी सोबत आणावी. किती उचलले, टनाला दर काय, खाड्याचे किती कापणार, हे आम्ही शिक्षक एका वहीत मांडून देऊ. त्या वहीवर दोन नावे लिहू: आधी आईचे, मग वडिलांचे.