परस्परावलंबी कामांची यादी आणि तिचा क्रम

संगणकावर वा मोबाइलवर ठेवलेल्या कामांच्या यादीत दोन भिन्न गोष्टी नकळत एकत्र नोंदल्या जातात. काय करावयाचे आहे ही पहिली, आणि ते कोणत्या क्रमाने करावयाचे आहे ही दुसरी. पहिली गोष्ट यादी उत्तम रीतीने सांभाळते. दुसरीच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरण्याचा संभव असतो. कारण यादी ही स्वभावतः एक सरळ रेघ आहे, आणि एकमेकांवर अवलंबून असलेली कामे सरळ रेघेत क्वचितच उभी राहतात. एखादे काम दोन निरनिराळ्या कामांच्या आधी व्हावे लागते, दोन कामे मिळून तिसऱ्याची वाट मोकळी करतात, तर काहींचा परस्परांशी काहीच संबंध नसतो. संबंधांचा हा पट एका रेघेवर उतरवताना जे हरवते, ते कसे राखता येईल एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी महाराष्ट्रात दरवर्षी असंख्य घरांत घडणारे एक प्रकरण घेणे सोयीचे होईल. इतर मागासवर्गातील एक विद्यार्थिनी बारावीच्या विज्ञान शाखेत शिकत आहे व तिला अभियांत्रिकीस राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा आहे, अशी कल्पना करावी. तिला केवळ जातीचे प्रमाणपत्र असून भागत नाही. २००० सालच्या राज्य अधिनियमान्वये ते पडताळणी समितीकडून वैध ठरवून घ्यावे लागते. त्याशिवाय नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हवे असते. इतर मागासवर्गासाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ हा असल्यामुळे त्यापूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो बहुधा आजोबांच्या शाळेतील प्रवेशनोंदीच्या रूपाने गावाकडे असतो. यादीत मग आठ कामे येतात : आजोबांच्या शाळेचा उतारा, जातीचे प्रमाणपत्र, तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे पत्र, वैधतेसाठी अर्ज, वैधता प्रमाणपत्र हाती येणे, आणि शेवटी प्रवेशासाठी कागदपत्रे दाखल करणे.

या आठांपैकी तारीख ठाऊक असलेले काम एकच, ते म्हणजे शेवटचे. यादी तारखेप्रमाणे लावली की ते वर चढते. उताऱ्याला कोणतीच तारीख नसल्यामुळे तो तळाशी जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असते, आणि गावी जाऊन जुने दप्तर काढावयास लावण्याचे काम कोणासही तातडीचे वाटत नाही. वस्तुतः सगळ्या साखळीचे पहिले टोक तेच आहे. निकालानंतर जागृत होऊन धावपळ करणाऱ्या कुटुंबांची चूक आळसाची असते असे नेहमी म्हणता येणार नाही. अनेकदा ती यादीच्या मांडणीची असते, आणि तिच्यापायी राखीव जागा हातची जाऊ शकते.

आता संबंध पाहू जाता ते असे दिसतात. उताऱ्यावाचून जातीचे प्रमाणपत्र नाही. जातीचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला मिळून नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची वाट मोकळी करतात. जातीचे प्रमाणपत्र आणि महाविद्यालयाचे पत्र यांच्यावर वैधतेचा अर्ज अवलंबून आहे, अर्जावर वैधता, आणि वैधता व नॉन-क्रिमीलेअर या दोहोंवर प्रवेश. आठ कामे कोणत्याही बंधनावाचून ४०,३२० प्रकारांनी क्रमाने मांडता येतात. वरील बंधने पाळणारे क्रम मोजले तर ते केवळ ४८ भरतात. म्हणजे मनास येईल तसा क्रम लावला तर तो बरोबर येण्याची शक्यता ८४० त एक. परंतु या गणितातील महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे : बरोबर क्रम एक नसून अठ्ठेचाळीस आहेत. यादीवर क्रमांक घालणारा मनुष्य त्यांतला एक निवडतो व उरलेले सत्तेचाळीस विसरतो. पुढे तहसील कार्यालयास सुटी निघाली की त्याचा तिसरा क्रमांक अडतो, आणि चौथा क्रमांक करता येण्यासारखा असूनही तो वाट पाहत बसतो. म्हणून यादीत क्रमांक नोंदू नये, संबंध नोंदावा. क्रम त्यातून केव्हाही काढता येतो.

तो काढण्याची एक साधी रीत आर्थर कान यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. त्या सुमारास अमेरिकेत मोठ्या प्रकल्पांचे नियोजन बाणांच्या आकृत्यांनी करण्याची पद्धत नुकतीच रूढ होत होती, आणि हजारो कामांच्या त्या जाळ्यांतून संगणकाकरवी क्रम कसा लावावा हा प्रश्न होता. कान यांच्या रीतीत प्रत्येक कामापुढे त्याच्या आधीची किती कामे व्हावयाची आहेत तो आकडा मांडतात. ज्यांच्यापुढे शून्य आहे ती आज करता येतात. त्यांतले एक झाले की त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक कामाच्या आकड्यातून एक वजा करावयाचा. ज्याचा आकडा शून्यावर येईल ते मोकळे झाले. प्रस्तुत यादीत आरंभी उतारा, उत्पन्नाचा दाखला आणि महाविद्यालयाचे पत्र यांच्यापुढे शून्य आहे. जातीच्या प्रमाणपत्रापुढे एक, नॉन-क्रिमीलेअरपुढे दोन, वैधतेच्या अर्जापुढे दोन, वैधतेपुढे एक, प्रवेशापुढे दोन. उतारा हाती येताच जातीचे प्रमाणपत्र मोकळे होते, इतर आकडे तसेच राहतात. विद्यार्थिनीने सकाळी पाहावयाची यादी आठ कामांची नव्हे, ती या शून्यांची. ही कृती कागदावरही सहज होते. संगणकाची सोय एवढीच की वजाबाकी करण्यास तो विसरत नाही.

प्रचलित साधनांपैकी बऱ्याच साधनांत मात्र अवलंबनाऐवजी पोटकामांची सोय असते, आणि लोक तिलाच अवलंबन समजतात. हा भेद बारकाईने पाहण्याजोगा आहे. पोटकाम हा मोठ्या कामाचा अंश असतो. पूर्ववर्ती काम हा पुढच्या कामाचा अंश असतोच असे नाही. शिवाय पोटकामांची रचना झाडासारखी असल्याने प्रत्येक कामास एकच पालक मिळतो. जातीचे प्रमाणपत्र नॉन-क्रिमीलेअरच्या पोटात घालावे की वैधतेच्या अर्जाच्या? दोन्हीकडे घातले तर एकच काम दोनदा नोंदले जाते, आणि एका ठिकाणी पुरे झाल्याची खूण केली तरी दुसरीकडे ते अपुरेच राहते. ऑम्निफोकस या साधनात प्रकल्प क्रमवार की समांतर हे ठरवता येते. क्रमवार म्हटले की पहिलेच काम उपलब्ध दिसते. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ साली सुरू केलेल्या ऑर्ग मोडमध्येही एका शीर्षकाखालची कामे अनुक्रमाने बांधून ठेवता येतात. दोन्ही सोयी चांगल्या आहेत. परंतु सरळ साखळीपुरत्या. जेथे साखळीस फाटा फुटतो तेथे त्या अपुऱ्या पडतात.

टास्कवॉरियर या साधनात कोणतेही काम कोणत्याही कामावर अवलंबून आहे असे सांगता येते. त्याची निकड मोजण्याची पद्धत मोठी उद्बोधक आहे : जे काम दुसऱ्यास अडवून धरते त्याच्या निकडीत मूळ मांडणीप्रमाणे आठ गुण मिळवले जातात, आणि जे स्वतः अडलेले आहे त्याचे पाच गुण वजा होतात. तळाशी पडलेला उतारा यामुळे आपोआप वर येतो. परंतु उताऱ्यास पंधरा दिवस लागतील की एक, हे त्या हिशेबात कोठेच नाही.

काळाचा हिशेब वेगळा करावा लागतो. १९५७ सालापासून ड्यू पाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी जी क्रिटिकल पाथ पद्धत उभी केली तिचे सार येथे पुरेसे आहे. समजा, उताऱ्यास पंधरा दिवस, जातीच्या प्रमाणपत्रास तीस, वैधतेच्या अर्जास दोन आणि समितीच्या निर्णयास नव्वद दिवस लागतात. ही सर्वांत लांब वाट झाली. ती १३७ दिवसांची आहे. दुसरीकडे नॉन-क्रिमीलेअरला पंधरा दिवस धरले तर उताऱ्यापासूनची ती वाट साठ दिवसांत संपते; म्हणजे तेथे ७७ दिवसांची सवड आहे. कागदपत्रे ३० जूनला हाती हवी असतील तर उताऱ्याची खटपट १३ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू झाली पाहिजे. ज्या कामास तारीखच नव्हती त्यास अशी तारीख मिळते. तारखा पुढून मागे मोजाव्यात हे वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण साध्या याद्यांत शेवटची तारीख मागच्या कामांकडे स्वतःहून सरकत नाही, ती सरकवावी लागते.

मोकळे झालेले प्रत्येक काम लगेच उरकावे असाही याचा अर्थ नव्हे. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत आर्थिक वर्षाशी, म्हणजे ३१ मार्चशी, बांधलेली असते. जूनमध्ये लागणारे प्रमाणपत्र फेब्रुवारीत काढून ठेवणारा पुन्हा कचेरीची पायरी चढण्याची शक्यता फार. त्या कामास आधीचे काम जसे जोडावयाचे तशीच आरंभाची तारीखही जोडावयास हवी. वर निघालेली सवड येथे उपयोगी पडते.

संबंध नोंदताना होणारी मोठी चूक म्हणजे सोयीस अवलंबन समजणे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीच्या प्रमाणपत्राचा अर्ज एकाच फेरीत व्हावा अशी इच्छा असणे योग्यच आहे. परंतु एकावाचून दुसरे अडत नाही. तसा बाण काढला तर दाखल्याच्या विलंबाने सर्वांत लांब वाट विनाकारण थांबते. 'हे न होता ते करता येईल काय' असा प्रश्न विचारावा, आणि 'गैरसोयीने का होईना, येईल' असे उत्तर मिळाल्यास बाण काढू नये.

कधी बाणांचे चक्र तयार होते : पहिले दुसऱ्यावर आणि दुसरे पहिल्यावर. कान यांच्या रीतीत अशा वेळी कामे उरतात पण शून्य उरत नाही, आणि टास्कवॉरियर असा संबंध नोंदवूनच घेत नाही. व्यवहारात चक्राचे कारण बहुधा काम जाडेभरडे लिहिलेले असते. प्रबंधाचे प्रकरण मार्गदर्शकांच्या अभिप्रायावाचून पुरे होत नाही, आणि प्रकरण पाहिल्यावाचून अभिप्राय मिळत नाही. 'पहिला खर्डा' आणि 'सुधारलेला खर्डा' अशी दोन कामे केली की चक्र सुटते.

एका साधनातून दुसऱ्यात यादी नेताना हे बाण टिकतातच असे नाही. कॅलेंडरच्या देवघेवीसाठी २००९ साली ठरलेल्या आयकॅलेंडर या मानकात कामांमधील नाती पालक, अपत्य व भावंड एवढीच होती. पूर्वापर अवलंबन व त्यांतील कालांतर नोंदण्याची तरतूद २०२२ सालच्या पुरवणीत आली. जुन्या साधनातील यादी हलवण्यापूर्वी कामाच्या टिपणात 'उताऱ्यानंतर' असे शब्दांत लिहून ठेवणे अधिक भरवशाचे.

संबंधांची नोंद किती उपयोगी पडते ते यादी मध्येच बदलावी लागते तेव्हा दिसते. जुन्या नोंदी कधी कधी मोडी लिपीत निघतात. उतारा हाती आला, पण तो कोणास वाचता येत नाही. मग मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. क्रमांक घातलेल्या यादीत अशा वेळी दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सर्व आकडे बदलतात. संबंधांच्या यादीत उतारा आणि जातीचे प्रमाणपत्र यांमधील एक बाण तुटतो, एक नवे काम येते व दोन बाण जोडले जातात. लिप्यंतरास आठ दिवस धरले तर सर्वांत लांब वाट १४५ दिवसांची होते, आणि उताऱ्यासाठी गावी जाण्याचा दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो.